गळाची शेवटची वीत

मासा हातचा गेला की लोक काठीला दोष देतात, नाहीतर पाण्याला. खरा घोळ तंगुसाच्या, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याच्या, शेवटच्या वीतभरात असतो: गळ, त्याची गाठ आणि गाठीच्या वरचा तुकडा. म्हणून काठी, तरंग (मासा लागला की पाण्यावर हलणारा तुकडा), वजन घरच्या घरी स्वस्तात करा. वेळ आणि डोकं या शेवटच्या वितीवर खर्च करा.

काठी मेसाची, म्हणजे भरीव बांबूची घ्या, १० ते १२ फूट. बेळगावजवळच्या खानापूरच्या बाजूला ती सहज मिळते. पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारीत तोडलेली हवी. पावसाळ्यात तोडलेला बांबू ओला असतो, त्यावर भुंगेरा बसतो आणि वर्षभरात काठीची भुकटी होते. शेंड्याला अर्धी वीट टांगून ती सावलीत दोन-तीन महिने उभी लटकवा, मग जवसाच्या तेलाचा हात द्या. तंगूस नुसता शेंड्याला बांधू नका. शेंड्याला एक वेढा देऊन काठीवरून तो खाली मुठीपर्यंत आणा आणि तिथे बांधा. शेंडा मोडला तरी मासा आणि तंगूस दोन्ही तुमच्याकडे राहतात.

तरंग ज्वारीच्या ताटाच्या गाभ्याचा. वाळलेल्या ताटाचा बोटभर तुकडा सोला, वर नेलपॉलिशचे दोन हात द्या. तंगुसावर तो बसवायला सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणा, ४-५ मिलिमीटरच्या कड्या कापा, एक वर, एक खाली. खोली बदलायची तर तरंग नुसता सरकवायचा. बादलीत वजन लावून बघा. पाण्यावर दीड-दोन सेंटिमीटरच दिसायला हवा. बाटलीच्या बुचाएवढा तरंग वर डुलत ठेवणाऱ्यांना मृगळ माशाने आमिषाला लावलेलं हलकं तोंड कधीच कळत नाही.

वजनाला शिसं कशाला हवं? ते दातांनी दाबायची तर फार वाईट खोड, आणि शिसं हाताळून तसंच भाकरीला हात लावायचा हीसुद्धा. भंगारवाल्याकडे नट किलोने मिळतात, आणि बेळगावसारख्या फाउंड्रीच्या गावात तर त्यांना तोटाच नाही. ६ मिलिमीटरच्या बोल्टाचा नट साधारण अडीच ग्रॅम, ८ चा ५ ग्रॅम, १० चा साडेअकरा. तरंगासोबत लहान नट, वाहत्या पाण्यात तळाला ठेवायला मोठा. मलप्रभा नदीचं पात्र खानापूरकडे खडकाळ आहे, तिथे नट कपारीत अडकणारच. म्हणून तो मुख्य तंगुसात ओवू नका. त्याहून बारीक, कमजोर तंगुसाच्या वीतभर तुकड्याने बाजूला लोंबता बांधा. अडकला की तो तुकडा तुटतो, नट जातो आणि गळ परत येतो.

आता गळ. बाजारच्या दिवशी मिळणारे स्वस्त गळ बहुतेक बिनडोळ्याचे (दोरा ओवायला छिद्र नसलेले), चपट्या डोक्याचे असतात. (मराठीत गळ, कन्नडात गाळ, दुकानदाराला दोन्ही कळतं.) नंबरांवर विसंबू नका, ते एका कंपनीचे दुसरीशी जुळत नाहीत. चिलापी माशाला गळाच्या वाकाची, म्हणजे वळणाची, रुंदी करंगळीच्या नखाएवढी, रोहू-मृगळाला अंगठ्याच्या नखाएवढी. घेताना चपट्या डोक्यावरून बोट फिरवा. कड धारदार लागली तर घरी बारीक पॉलिशपेपरवर चार-पाच वेळा घासा. हे न करता बांधलेला गळ आतून तंगूस कापत राहतो आणि दोष गाठीवर जातो.

गाठीपाशी बहुतेकांचं अडतं. डोळा नाही म्हणून लोक दांड्याला तीन-चार गाठी एकावर एक मारतात. गाठीवर गाठ मारून ताकद वाढत नाही, नायलॉन नायलॉनला चिरतं. दुसरा सल्ला म्हणजे टोक काडीने किंवा उदबत्तीने जाळून गोळी करायची. उष्णतेने नायलॉन तिथेच कडक आणि ठिसूळ होतं. गोळी राहते, तिच्या शेजारी तुटतं. झटपट चिकटणाऱ्या गोंदाचंही तेच. हे तिन्ही सल्ले विसरा. गाठ नीट गुंडाळली तर तिला कसलाच आधार लागत नाही.

तंगुसाचा ४० सेंटिमीटरचा तुकडा घ्या, मुख्य तंगुसाहून जरा बारीक. मुख्य ०.३० मिलिमीटरचा असेल तर हा ०.२५ चा. गळ डाव्या हाताच्या चिमटीत वाकापाशी धरा, चपटं डोकं उजवीकडे. तुकडा दांड्याच्या लांबीने ठेवा. लांब टोक डोक्यावरून बाहेर जाऊ द्या. आखूड टोक वाकाकडे नेऊन परत डोक्याकडे वळवा. वाकापाशी एक फास तयार होईल. तो चिमटीत दाबून ठेवा, सुटला की सगळं सुटलं.

आता आखूड टोकाने डोक्याच्या लगेच खालून गुंडाळायला सुरुवात करा, दांडा आणि तंगुसाच्या दोन्ही पदरांना मिळून, वाकाच्या दिशेने. सात वेढे, बारीक तंगूस असेल तर आठ. प्रत्येक वेढा आधीच्याला चिकटून, रिळावर दोरा बसतो तसा. एक जरी वेढा दुसऱ्यावर चढला तरी सोडा आणि पुन्हा करा, कारण ताण आला की वरचा वेढा खालच्याला कापतो. सातवा झाला की आखूड टोक त्या फासातून बाहेर काढा आणि चिमटी न सोडता लांब टोक हळू ओढा. फास बंद होईल, आखूड टोक आत अडकेल.

इथे थांबा. घट्ट करण्याआधी गाठ थुंकीने नाहीतर पाण्याने चांगली भिजवा. कोरडं नायलॉन एकमेकांवर घासलं की इतकं तापतं की पृष्ठभाग मऊ पडतो, आणि जिथे मऊ पडलं तिथेच उद्या तुटतं. भिजवून वेढे नखाने डोक्याकडे सरकवा, मग दोन्ही टोकं आळीपाळीने, झटका न देता, आवळा. शेवटी गाठ दांड्यावर फिरवा, म्हणजे लांब पदर टोकाच्या बाजूने, वाकाच्या आतल्या अंगाला, डोक्याच्या पुढून निघेल. मागून निघाला तर चपटी कड त्यावर घासते आणि ओढताना गळ तिरका फिरून माशाच्या तोंडातून निसटतो. सगळ्यात जास्त गळ इथेच वाया जातात आणि सांगणारे नेमकं हेच सांगायचं विसरतात. आखूड टोक २-३ मिलिमीटर ठेवून कापा. अगदी गाठीला लागून कापू नका, ताणाने ते आत ओढलं जातं.

गाठ तपासायला गळाचा वाक दाराच्या कडीत अडकवा, हाताला फडकं गुंडाळा, तोंड बाजूला करून सावकाश पण जोरात ओढा. आठवणीने झटका टाळा. मासा ओढतो तसं ओढा. टिकली तर वापरा.

तुटलेलं टोक फेकण्याआधी बघा, ते बोलतं. डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं होऊन परत आलं तर गाठ घसरली: वेढे कमी किंवा ढिले. सरळ, स्वच्छ कापलं असेल तर चपट्या डोक्याची धार. वरच्या भागात खरखरीत, भुरभुरीत असेल तर खडक किंवा जुना तंगूस. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून नुसतं “जाड तंगूस घ्या” म्हणणाऱ्याचं ऐकू नका. जाड तंगुसाला तोंड लागणं कमी होतं आणि घसरणारी गाठ तरीही घसरतेच.

तंगूस घरी आल्यावर कापसाच्या बोळ्यातून ओढा. कापूस जिथे अडकेल तिथे चीर पडलेली असते. तेवढा भाग, आणि तो सापडला नाही तरी गळाकडचा एक मीटर, कापून टाका. नायलॉनला ऊन मारतं; खिडकीत उन्हात ठेवलेला तंगूस लवकर निकामी होतो. कापलेले तुकडे काठावर टाकू नका, गाई-म्हशींच्या तोंडात आणि बगळ्यांच्या पायात जातात.

आमिषाचं थोडक्यात: दोन भाग कणीक, एक भाग भाजलेली शेंगदाण्याची पेंड, आणि मळताना कापसाचे थोडे धागे, म्हणजे गोळा पाण्यात लगेच विरघळत नाही. निपाणीकडच्या मंडळींसाठी एक: हाताला तंबाखू-चुन्याचा वास असताना मळू नका. आधी काठच्या मातीने हात चोळा.

परवान्याचं विसरू नका. हिडकलसारखी धरणं आणि गावतळी परवान्याने किंवा ठेक्याने दिलेली असतात, विचारल्याशिवाय गळ टाकला तर भांडण ठरलेलं. पावसाळ्यात रोहू-कटला अंडी घालतात, तेव्हा गळ घरीच ठेवा. शिवाय चिकोडीकडच्या कल्लोळ-यडूर गावांपाशी, आपल्याकडे थेंब नसतानाही, घाटमाथ्यावरच्या पावसाने आणि धरणाच्या विसर्गाने कृष्णा नदी चढते.

पावसाळ्यात गळ असे ठेवा: गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचं एक बोट लावून, पत्र्याच्या डबीत कोरड्या तांदळाच्या पुरचुंडीसोबत. जुन्या चपलेच्या तळव्यात टोचून ठेवायची पद्धत सोपी दिसते, पण तळवा ओल धरतो आणि टोकं आतून गंजतात. काठी भिंतीला तिरकी लावू नका, ती वाकून तशीच बसते. दोन खिळ्यांवर आडवी नाहीतर शेंड्याने उभी टांगा.