दोन महापालिकांच्या हद्दीवरची बस सुधारून घ्यायची तर

मी दापोडीत राहते, म्हणजे पिंपरी-चिंचवड महापालिकेत. हॅरिस पूल ओलांडला की बोपोडी, म्हणजे पुणे महापालिका. बस मात्र दोन्ही शहरांची एकच. 2007 मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल ही बस कंपनी झाली; तुटीचा भार पुणे 60 टक्के आणि पिंपरी-चिंचवड 40 टक्के उचलते. म्हणून तक्रार एकाच महापालिकेकडे देऊन भागत नाही.

आधी थांब्यावर वही घेऊन उभं राहा. सकाळी आठ ते दहा: मार्ग क्रमांक, बस आल्याची वेळ, दारात लोंबकळणारी माणसं, न थांबता गेलेल्या गाड्या. "बस वेळेवर येत नाही" या वाक्याला कुणी विचारत नाही, वेळांच्या तक्त्याला उत्तर द्यावं लागतं.

मग मागण्या वेगळ्या करा. फेऱ्या आणि ई-बस पीएमपीएमएलकडे. थांब्यापर्यंतचा पदपथ, दिवे, मेट्रो स्थानकाकडे जाणारा रस्ता ज्याच्या हद्दीत असेल त्या महापालिकेकडे. अर्ज एकच लिहा, वर तिन्ही कार्यालयांची नावं घाला. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. दुसऱ्या कार्यालयात पहिल्याची पोच दाखवली की "ते आमच्याकडे येत नाही" हे उत्तर देणं अवघड जातं.

सह्या पुलाच्या दोन्ही बाजूंच्या हव्यात. बोपोडीच्या बायकांनाही हीच बस लागते, त्यांना आवर्जून सोबत घ्या. अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागवतात, तेव्हा पदपथाचं काम दोन्हीकडे एकाच वर्षी सुचवा. नाहीतर अर्धा पूल चालण्याजोगा आणि अर्धा तसाच राहतो.