गोव्यातल्या शापोरा नदीच्या मुखाशी पक्षी पाहायचेत? आधी तिथी बघा

हिवाळ्यात नदीकाठी पक्षी पाहायला जायचं म्हटलं की जो तो सांगतो, "उजाडायच्या आत पोचा." रानातल्या पक्ष्यांना हा सल्ला लागू पडतो, खाडीवर तो फुकट आहे. इथले पक्षी भरती-ओहोटीच्या वेळेने वागतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते चरायला लांबवर पांगतात आणि दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात. भरती चढू लागली की तेच पक्षी काठाकडे ढकलले जातात आणि उरलेल्या कोरड्या वाळूवर दाटीने बसतात. आपल्याला गाठायची ती चढती भरती.

म्हणून रविवार ठरवून मग भरती बघू नका. आधी भरती बघा, मग दिवस ठरवा. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. पंचमी ते अष्टमी या दिवसांत सकाळी आठला गेलात, तर पाणी मागे सरत असतं आणि पक्षी तुमच्यापासून लांब जात असतात. पन्नास जणांचा गट नेमका अशा दिवशी जातो आणि "यंदा पक्षीच नाहीत" म्हणत परततो.

सर्वांत चांगल्या द्वादशी ते चतुर्दशी, त्यातही त्रयोदशी. पौर्णिमेला पाणी भरपूर चढतं, पण भरती पूर्ण होईपर्यंत ऊन तापून वाळूवरची हवा थरथरू लागते आणि पायांचा रंगही कळत नाही. शिवाय मोठ्या उधाणात वाळूचा पट्टा बुडाला, तर थवा उठून दुसरीकडे जातो. सूर्योदयाला असलेली तिथी धरा. हा हिशोब अर्ध्याएक तासाने चुकू शकतो, त्यामुळे मुरगाव बंदराच्या भरतीच्या तक्त्याशी ताडून घ्या. तो तक्ता समुद्राचा असतो. नदीत जितकं आत जाल, तितकी भरती उशिरा पोचते.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. माणसं दहा-बारा, त्याहून जास्त नकोत. दुर्बीण ८×४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी. दहापटीची हातात हलते.

चालायला सुरुवात शिवोली-चोपडे पुलाच्या चोपडे बाजूने करा आणि उत्तर काठाने मोरजीच्या तेमवाड्यापर्यंत जा, साधारण चार-पाच किलोमीटर. उलट दिशेने चालू नका. सकाळी पश्चिमेकडे चाललात की ऊन पाठीवर राहतं. तेमवाड्याहून निघालात तर सगळे पक्षी काळ्या आकृत्या दिसतील. भरती पूर्ण व्हायच्या अडीच तास आधी निघा. वाटेत खारफुटीच्या कडेला खंड्या, बगळे, वर घिरट्या घालणारी ब्राह्मणी घार हे सगळं दिसेल, पण तिथे रेंगाळू नका. भरती पूर्ण व्हायच्या तासभर आधी नदीच्या मुखाशी असायला हवं.

आता खरी कसोटी, थव्याजवळ जाणं. सरळ चालत गेलात की थवा उठणार. तिरकं जा, दहा-पंधरा पावलांवर थांबा, पुन्हा तिरकं जा. पहिली खूण म्हणजे चोची पिसांत खुपसून झोपलेले पक्षी माना वर काढतात. तिथेच थांबा. ते एका दिशेने चालू लागले, तर तुम्ही आधीच जास्त पुढे आलात. दोन पावलं मागे या. चांगल्या फोटोसाठी थवा उडवणाऱ्याला गटात पुन्हा घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. हे पक्षी हजारो किलोमीटर उडून आलेले असतात. भरतीचे दोन-तीन तास हीच त्यांची विश्रांती, आणि प्रत्येक उड्डाणात साठवलेली चरबी खर्च होते.

किनाऱ्यावरच्या कुत्र्यांना बिस्किटं घालू नका. ती मागे लागतात आणि थव्यात घुसतात.

वाळूच्या दांड्यावर तर अजिबात चढू नका. पाणी आधी मधल्या सखल पन्हळीत भरतं. समोर वाळू कोरडीच दिसते आणि पाठीमागे कमरेएवढं पाणी झालेलं असतं. कालवं चिकटलेल्या खडकांवर अनवाणी चालू नका, तळवे चिरतात. तेमवाड्याला याच दिवसांत सागरी कासवं अंडी घालतात. कुंपण घातलेल्या जागेपासून आणि वरच्या कोरड्या वाळूपासून दूर, ओल्या वाळूवरूनच चाला.

ओळखताना रंगाने सुरुवात करू नका, हिवाळ्यात सगळेच मळकट. चाल बघा. चिखल्या धावतो, थबकतो, टिपतो. तुतारी (सँडपायपर) चोच चिखलात खुपसत पुढे जाते. बारक्या चिखल्यांत मानेमागे पांढरी पट्टी असेल तर केंटिश चिखल्या, नसेल तर वाळूतला चिखल्या. कुरव (गल) पक्ष्यांत डोळा बघा: तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाचा डोळा फिका असतो आणि पंखांच्या काळ्या टोकांत पांढरे ठिपके असतात, काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा काळाभोर, पंखाची पुढची कड पांढरी.

यादी तिथेच उभं राहून लिहा, भाजी-पावाच्या टेबलावर नको. मोजणी थवा बसलेला असतानाच, दहा-दहाचे गट करून. पाणी उतरायला लागलं की पक्षी पुन्हा पांगतात. तेव्हा परत फिरा.