फोटो स्वच्छ येतो, पण मनाला भिडत नाही? या चुका टाळा

फोकस अचूक, उजेड पुरेसा, क्षितिज सरळ. तरीही पाहणाऱ्याची नजर फोटोवर क्षणभरही टिकत नाही, अशी तक्रार वडोदऱ्यातील हौशी छायाचित्रकारांकडून वारंवार ऐकू येते, आणि त्यावर उपाय म्हणून बहुतेक जण नव्या लेन्सच्या किमती पाहू लागतात. लेन्स जरूर घ्यावी. परंतु दोष बहुधा काढणाऱ्याच्या मनात असतो आणि तिथेच तो शोधावा लागतो.

बघण्याआधीच बटण दाबणे

लिंडा हेंकेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले, की संग्रहालयातील ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले, त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो घेतला असता ही घट आढळली नाही. लक्ष नेमके कुठे द्यायचे हे ठरवावे लागले, की मनही कामाला लागते.

खंडेराव मार्केटमध्ये झेंडूचे सगळे ढीग एका चौकटीत कोंबणाऱ्याच्या हाती केवळ पिवळा रंग लागतो. थोडा वेळ नुसते उभे राहिल्यास लक्षात येते, की हार ओवणाऱ्या बाईंची नजर फुलांवर नसून गिऱ्हाइकावर असते. सुई बोटांच्या अंदाजाने चालते आणि कोमेजलेले फूल हाताला लागताच, न पाहताच, बाजूला टाकले जाते. फोटो घ्यावा तो त्या हातांचा आणि त्या नजरेचा.

संकोच लपवण्यासाठी लांब राहणे

नैसर्गिक हावभाव मिळावेत म्हणून आम्ही दुरून, नकळत फोटो घेतो, असे सांगितले जाते. काही वेळा ते खरेही असते. पण पुष्कळदा अनोळखी माणसाशी बोलण्याचा धीर होत नाही, एवढेच कारण असते, आणि ते अंतर फोटोत स्पष्ट उमटते. दोन शब्द बोलावेत, परवानगी घ्यावी, मग सुरुवातीचे अवघडलेले क्षण जाऊ द्यावेत. नकार मिळाल्यास वाद न घालता पुढे जावे.

भारतातील पहिल्या महिला छायापत्रकार होमाई व्यारावाला यांचे उत्तरायुष्य वडोदऱ्यातच गेले. 2012 साली त्यांचे निधन झाले. त्या वापरत असलेल्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्यात वरून, मान खाली घालून पाहावे लागते, त्यामुळे छायाचित्रकाराचा चेहरा यंत्राआड जात नाही. मोबाइल छातीशी धरूनही हे बऱ्यापैकी साधता येते आणि समोरच्याला रोखलेल्या कॅमेऱ्याऐवजी छायाचित्रकाराचा चेहरा दिसतो.

घरच्या माणसांबाबत अडचण उलटी असते, कारण तिथे आपण फार हक्काने वागतो. दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या घरी गौरी बसवताना ‘आजी, इकडे बघ, जरा हस ना’ असे म्हटले, की आजी पदर सारखा करते आणि पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखी ताठ होते. त्यापेक्षा तिला मुखवट्याला नथ अडकवू द्यावी, ‘मागच्या वर्षीचा शेला कुठे ठेवलास गं?’ असे सुनेला विचारू द्यावे आणि आपण एका कोपऱ्यात गुमान बसावे. दुःखाच्या प्रसंगी मात्र, घरच्यांनी सांगितल्याशिवाय, कॅमेरा काढूच नये. हे वेगळे लिहावे लागू नये, पण हल्ली लागते.

भावना उसनी आणणे

फोटो फिका वाटला की तो काळापांढरा करायचा, नाहीतर पोर्ट्रेट मोडने मागचे सगळे धूसर करायचे, ही सवय लवकर जडते. झेंडूच्या बाजाराचा रंग काढून टाकल्यावर मग उरते काय? वडोदऱ्याचे चित्रकार ज्योती भट्ट यांनी 1967 पासून गुजरातमधील लोककला टिपली. त्यांच्या छायाचित्रांत स्त्रिया आपण रंगवलेल्या भिंतींपाशी दिसतात. ती भिंत धूसर केली, तर त्या बाईचे निम्मे म्हणणेच पुसले जाईल.

घाईने निवड करणे

त्याच दिवशी निवडलेला फोटो बरेचदा फसवतो. तो काढताना सोसलेले ऊन, गर्दी, झालेल्या गप्पा आपल्याला आठवत असतात. पाहणाऱ्याला यातले काहीच ठाऊक नसते. गॅरी विनोग्रँड हे अमेरिकी छायाचित्रकार आपले रोल मुद्दाम दीर्घकाळ न धुता ठेवत, जेणेकरून त्या दिवसाची मनःस्थिती निवडीत लुडबुड करू नये. 1984 साली ते वारले तेव्हा सुमारे 2,500 रोल धुवायचे राहिले होते, त्यामुळे त्यांचे अनुकरण बेतानेच करावे; दोन आठवडे पुरेत. त्यानंतर तिथे हजर नसलेल्या कुणाला तरी फोटो दाखवावा, आणि ‘कसा आलाय?’ असे न विचारता ‘यात काय चाललंय?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला ‘छान’ एवढेच उत्तर मिळते. दुसऱ्याला मिळालेले उत्तर टिपून ठेवावे आणि निवड त्यावरून करावी.