हजेरीचं ॲप, पेटंट आणि खर्च: कॉलेजवाल्यांनो, या चुका टाळा

चेहरा बघून हजेरी लावणारं ॲप हे प्रोजेक्ट कोल्हापुरातल्या इंजिनीअरिंग कॉलेजात कुणी ना कुणी करतंच, आणि जरा चांगलं झालं की सर म्हणतात पेटंट टाका. टाका की, पण आधी हे वाचा.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे आधी दाखवायचं आणि मग फाइल करायचं. टेकफेस्टला स्टॉल लावला, यूट्यूबला डेमो टाकला आणि चार महिन्यांनी पेटंटचा विषय निघाला, तर शोध नवा राहिला नाही म्हणून तुमचाच व्हिडिओ तुमच्या विरोधात पुरावा होतो. कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे पण ती सरकारने जाहीर केलेलं प्रदर्शन, विद्वत्संस्थेपुढे वाचलेला पेपर असल्या मोजक्याच गोष्टींना, टेकफेस्टच्या भरवशावर राहू नका. आधी प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज टाका, मग खुशाल दाखवा, फक्त कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं पूर्ण वर्णन, १२ महिन्यांच्या आत गेलं पाहिजे नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात.

दुसरं, नुसतं सॉफ्टवेअर किंवा अल्गोरिदम असेल तर पेटंट कायद्याचं कलम ३(के) आडवं येतं, नुसत्या तेवढ्याला पेटंट मिळत नाही. शिरोलीच्या फाउंड्रीतल्या भट्टीसाठी कुणी नव्या रचनेचा सेन्सर केला तर त्यात जास्त दम आहे, हे मी पोरांना कायम सांगतो. अमेरिकेत ब्लॅकबोर्ड कंपनीने ऑनलाइन कोर्सच्या सिस्टिमवर २००६ ला पेटंट मिळवलं, त्याच वर्षी डिझायरटूलर्न या प्रतिस्पर्धी कंपनीवर केस टाकली, २००८ ला ज्युरीकडून ३१ लाख डॉलर मंजूरही झाले, आणि २००९ ला अपील कोर्टाने तेच दावे रद्द ठरवले. म्हणजे मिळालेलं पेटंटसुद्धा टिकेलच असं नाही.

आणि 'पब्लिश' झालं म्हणजे पेटंट मिळालं असं पेपरात छापून आणू नका, कृपा करून! अर्ज १८ महिन्यांनी आपोआप पब्लिश होतो, फॉर्म ९ भरला तर लवकर. तपासणीसाठी फॉर्म १८ वेगळा भरावा लागतो, आता ३१ महिन्यांच्या आत, आधी ४८ होते. फी विद्यार्थी आणि शैक्षणिक संस्थांना कमी आहे, ऑनलाइन अर्जाला १६०० आणि तपासणीला ४०००, एजंटचे पैसे वेगळे.

प्रायव्हसीचं तर कुणी विचारतच नाही. पासवर्ड बदलता येतो, चेहरा नाही बदलत. तरी वर्गातल्या सगळ्यांचे फोटो एकाच्या गूगल ड्राइव्हवर, लिंक ग्रुपवर, पासआउट झाले तरी तिथेच. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत आहे. फोटो घेताना कशासाठी आणि किती दिवस ते लिहून द्या, काम झालं की डिलीट करा.

खर्चाचं थोडक्यात: ऑनलाइन कोर्स चालवायचं मूडल हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पण सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस फुकट नाही. बाहेरच्या कंपनीकडून ॲप घेताना पहिल्या वर्षाचा रेट बघून भुलू नका, तिसऱ्या वर्षाचा विचारा, आणि करार संपल्यावर मार्क-हजेरीचा सगळा डेटा एक्सेलमध्ये परत मिळणार का, त्यांच्या सर्व्हरवरनं पुसणार का हे सही करायच्या आधी लेखी घ्या, नुसतं 'होय सर, देतो की' चालत नाही.