इंग्रजी वाक्यातली चूक कशी पकडायची: नवी पेठेतल्या वर्गातून

मी पुण्याच्या नवी पेठेत स्पर्धा परीक्षांच्या मुलामुलींना इंग्रजी शिकवते. लातूर, बीड, नांदेड, सोलापूरकडून आलेली ही मुलं दिवसभर अभ्यासिकेत बसतात आणि संध्याकाळी माझ्याकडे येतात. राज्यघटना त्यांना पाठ असते, गणितं ती झरझर सोडवतात, पण 'वाक्यातली चूक शोधा' हा प्रश्न आला की पेन थांबतं. मग वाक्य मनात दोन-तीनदा म्हणून बघायचं आणि जिथे कानाला खटकेल तिथे खूण करायची, हीच सगळ्यांची पद्धत.

ज्याच्या घरात लहानपणापासून इंग्रजी बोललं गेलं, त्याला ही पद्धत चालते. आपला कान मराठीवर तयार झालेला आहे. 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स थ्री इयर्स' हे वाक्य त्याला खटकणारच नाही, कारण 'मी तीन वर्षांपासून पुण्यात राहतोय' हे मराठीत अगदी शुद्ध आहे. म्हणून पहिले काही आठवडे मी मुलांना मोठ्याने वाचूच देत नाही. हातात पेन्सिल घ्यायची आणि ठरलेल्या क्रमाने वाक्य तपासायचं. आपल्या चुका वाटेल तशा होत नाहीत. त्या ठरावीक जागी होतात, आणि बहुतेक वेळा खाली मराठी वाक्य दडलेलं असतं. जागा माहीत झाल्या की चूक सापडते.

सुरुवात क्रियापदापासून करा. वाक्यातलं काळ दाखवणारं क्रियापद अधोरेखित करा आणि त्याला एकच प्रश्न विचारा: कोण? उदाहरण घ्या: 'द क्वालिटी ऑफ द मँगोज सोल्ड इन मार्केट यार्ड हॅव इम्प्रूव्ह्ड.' क्रियापद 'हॅव इम्प्रूव्ह्ड'. सुधारलं कोण? आंबे नव्हे, प्रत. कर्ता 'क्वालिटी', एकवचनी, म्हणून 'हॅज इम्प्रूव्ह्ड'. 'ऑफ'पासून क्रियापदापर्यंतचा मजकूर बोटाने झाका आणि उरलेलं वाचा: 'द क्वालिटी हॅव' ही चूक मग कुणालाही दिसते.

इथे आपण का घसरतो, हे मी मुलांना नेहमी सांगते. मराठीत 'मी आंबा खाल्ला', 'मी पोळी खाल्ली', 'मी आंबे खाल्ले'. खाणारी मीच, पण क्रियापद फिरतं ते कर्माप्रमाणे. इंग्रजीत कर्माला हा अधिकार नाही. क्रियापद फक्त कर्त्याचं ऐकतं, मग मध्ये कितीही नामं येवोत. परीक्षेत प्रश्न काढणारा नेमकी हीच मधली गर्दी वाढवतो.

'वन ऑफ' आलं की दोन ठिकाणी बघा. 'वन ऑफ माय फ्रेंड लिव्ह इन कोथरूड' यात दोन्ही चुकलंय. 'ऑफ'नंतरचं नाम अनेकवचनी हवं आणि क्रियापद एकवचनी: 'वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन कोथरूड.' पण पुढे 'हू' आला तर सावध व्हा. 'शी इज वन ऑफ द स्टुडंट्स हू हॅव पास्ड' हे बरोबर आहे. 'हू' इथे 'स्टुडंट्स'कडे बोट दाखवतो, एकटीकडे नाही. हुशार मुलंसुद्धा इथे 'हॅज' करतात.

'ॲलाँग विथ', 'टुगेदर विथ', 'ॲज वेल ॲज' यांनी जोडलेली माणसं कर्त्यात धरायची नाहीत. 'द तहसीलदार, ॲलाँग विथ टू क्लार्क्स, वॉज प्रेझेंट.' क्लार्क दोन असोत की वीस, 'वॉज' बदलत नाही. 'नायदर… नॉर' असेल तर क्रियापदाच्या जवळचा कर्ता बघा. 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स' म्हणजे बरेच विद्यार्थी, म्हणून 'आर'. 'द नंबर ऑफ स्टुडंट्स' म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या, म्हणून 'इज'.

दुसरी फेरी काळाची. वाक्यातल्या वेळ सांगणाऱ्या शब्दांभोवती गोल करा. 'सिन्स' दिसला की पुढे काय आहे ते बघा: जिथून मोजायला सुरुवात झाली तो क्षण आहे का? 2019, सोमवार, दिवाळी, सकाळ यांच्याआधी 'सिन्स'. तीन वर्षं, दोन तास असा कालावधी असेल तर 'फॉर'. आपण 'सोमवारपासून' आणि 'तीन वर्षांपासून' दोन्ही एकाच प्रत्ययाने भागवतो, म्हणून ही गल्लत होते. आणि गोष्ट अजून चालू असेल तर नुसतं 'ॲम' पुरत नाही, 'हॅव' किंवा 'हॅज' लागतं. म्हणून: 'आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर थ्री इयर्स.'

याची उलट बाजू मला नोकरीच्या अर्जांत फार दिसते. 'आय हॅव कम्प्लिटेड माय ग्रॅज्युएशन इन 2022.' इथे वर्ष सांगितलंय, म्हणजे गोष्ट भूतकाळात त्या ठिकाणी जाऊन बसली. 'येस्टरडे', 'लास्ट इयर', 'टू डेज अगो', 'इन 2022' असा ठरलेला काळ आला की 'हॅव' काढून टाका: 'आय कम्प्लिटेड.' बायोडेटा पाठवायच्या आधी एवढं एक जरूर तपासा. तिथे वर्षं असतातच, त्यामुळे ही चूक पानभर पसरते.

'डिड' आला की पुढचं क्रियापद मूळ रूपात: 'डिड नॉट केम' नाही, 'डिड नॉट कम'. आणि 'नो', 'अंडरस्टँड', 'बिलाँग', मालकीच्या अर्थाचं 'हॅव' यांना सहसा 'आयएनजी' लावू नका. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' नव्हे, 'आय हॅव टू ब्रदर्स'.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची जागा. मराठीत जोडशब्द जोडीने येतात: जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, कारण-म्हणून. जोडीतला एक गाळला तर आपल्याला वाक्य लंगडं वाटतं. म्हणून आपण लिहितो, 'ऑलदो इट वॉज रेनिंग, बट ही केम.' इंग्रजीत दोन वाक्यं जोडायला एक शब्द पुरतो. 'ऑलदो' ठेवा किंवा 'बट' ठेवा. 'बिकॉज ही वॉज इल, सो ही वेंट होम' यातही तसंच, 'सो' काढा. तपासणी अगदी सोपी आहे. वाक्यात दोन क्रियापदं असतील तर त्यांना जोडणारे शब्द मोजा. दोन वाक्यांना दोन जोडशब्द दिसले तर एक बहुधा जास्तीचा आहे. 'इफ… देन' सारख्या थोड्या जोड्या चालतात, त्या वापरातून कळत जातात.

'तो येईल तेव्हा मी जाईन' यात मराठी दोन्हीकडे भविष्यकाळ ठेवते. इंग्रजीत 'व्हेन', 'इफ', 'अंटिल', 'बिफोर', 'ॲज सून ॲज' यांनी सुरू होणाऱ्या भागात 'विल' येत नाही: 'व्हेन ही कम्स, आय विल गो.' 'इफ यू विल स्टडी' दिसलं की तिथेच पेन्सिल टेकवा.

प्रश्न वाक्याच्या पोटात शिरला की त्याची रचना सरळ होते, हेही शाळेत कुणी नीट सांगितलेलं नसतं. 'व्हेअर इज ही?' हा सुटा प्रश्न बरोबर. पण 'आय डोंट नो व्हेअर इज ही' चूक, 'व्हेअर ही इज' हवं. मुलाखतीत 'कॅन यू टेल मी व्हॉट इज द प्रोसिजर?' असं सर्रास कानावर पडतं; लिहिताना आणि परीक्षेत 'व्हॉट द प्रोसिजर इज' असंच ठेवा.

प्रिपोझिशनला, म्हणजे 'इन', 'ऑन', 'ॲट', 'टू' अशा शब्दांना, मात्र कुठलाही एक नियम पुरत नाही, आणि जो पुरतो म्हणून सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. इथे वहीच कामाची. मी मुलांना दोन रकाने आखायला लावते: डावीकडे मराठी मनातून आलेलं रूप, उजवीकडे खरं रूप. 'माझ्यावर रागावला' म्हणून 'अँग्री ऑन मी', खरं 'अँग्री विथ मी'. 'डॉक्टरशी लग्न' म्हणून 'मॅरीड विथ अ डॉक्टर', खरं 'मॅरीड टू'. 'गणितात हुशार' म्हणून 'गुड इन मॅथ्स', खरं 'गुड ॲट'. 'स्टेशनला पोचलो' म्हणून 'रीच्ड टू द स्टेशन', तिथे काहीच नको. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' नको, आत शिरण्याच्या अर्थाने 'एंटर'पुढे 'इन्टू' नको. आपल्या 'पेक्षा'मुळे सगळीकडे 'दॅन' येतो, पण 'सीनिअर', 'ज्युनिअर', 'सुपीरिअर', 'इन्फीरिअर' आणि 'प्रिफर' यांना 'टू' लागतो. वहीत प्रत्येकाने स्वतःच्या चुका लिहायच्या. छापील याद्या कुणी वाचत नाही, स्वतःच्या अक्षरातली चूक लक्षात राहते.

'अ' की 'ॲन' यासाठी देवनागरीचा मोठा उपयोग होतो, आणि ही युक्ती मी जीव तोडून शिकवते. पुढचा शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. इंग्रजी स्पेलिंग फसवतं, देवनागरी बहुतेक वेळा उच्चार लिहिते. 'अवर', 'ऑनेस्ट' स्वराने सुरू होतात, म्हणून 'ॲन अवर', 'ॲन ऑनेस्ट मॅन'. 'युनिव्हर्सिटी', 'युनिफॉर्म' 'य'ने, 'वन-वे रोड' 'व'ने, म्हणून 'अ'. अभ्यासिकेतली प्रत्येक मुलगी 'ॲन एमपीएससी ॲस्पिरंट' आहे, आणि तिची दिल्लीला जायचं म्हणणारी मैत्रीण 'अ यूपीएससी ॲस्पिरंट'. एकदा हे कळलं की 'ॲन एफआयआर', 'ॲन एमबीए' यांत कुणी चुकत नाही. आर्टिकल, म्हणजे 'अ', 'ॲन' किंवा 'द', मुळात हवं की नको हा प्रश्न अवघड आहे, कारण मराठीत असा शब्दच नाही. निदान एवढं बघा: मोजता येणारं एकवचनी नाम वाक्यात एकटं उभं आहे का? 'ही इज टीचर' यात 'टीचर' एकटा आहे. त्याच्याआधी 'अ', 'द', 'माय', 'धिस' यांपैकी काहीतरी हवंच.

'फर्निचर', 'इन्फॉर्मेशन', 'ॲडव्हाइस', 'लगेज', 'इक्विपमेंट' यांना 'एस' लावायचा नाही. 'रिटर्न बॅक', 'रिपीट अगेन', 'मोअर बेटर' यांतला एक शब्द काढा.

चूक शोधायची सवय लागली की माणूस बरोबर वाक्यंही मोडायला लागतो. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन आलं म्हणजे चूक नाही. 'व्हॉट आर यू लुकिंग ॲट?' हे उत्तम इंग्रजी आहे. 'समवन' एकवचनी असलं तरी 'समवन हॅज लेफ्ट देअर अंब्रेला' हेही चालतं. 'कमिटी'पुढे ब्रिटिश लेखक अनेकवचनी क्रियापद लिहितात, आपल्या परीक्षांत एकवचनी धरणं सुरक्षित. बँकेच्या परीक्षांत वाक्याचे भाग पाडलेले असतात आणि 'नो एरर' हाही पर्याय असतो. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. क्रियापद, काळ, जोडशब्द, प्रिपोझिशन, आर्टिकल या क्रमाने पाहून काहीच सापडलं नाही, तर 'नो एरर'वर खूण करायला घाबरू नका. नियम सांगता येत नसेल तर तो भाग चूक म्हणून देऊ नका, असं मी वर्गात बजावते.

सरावाला पुस्तकच हवं असं नाही. सोसायटीच्या फलकावरची सूचना घ्या. गुरुवारी पाणी बंद असलं की पुण्यात अशा सूचना लागतातच. मी वर्गासाठी केलेली ही एक:

'ऑल मेंबर्स आर इन्फॉर्म्ड दॅट वॉटर सप्लाय विल रिमेन क्लोज ऑन थर्सडे. द टँक ॲलाँग विथ द पाइप्स आर अंडर रिपेअर सिन्स टू डेज. ऑलदो द वर्क इज डिफिकल्ट, बट वी होप टू फिनिश इट बाय इव्हनिंग. इफ एनी मेंबर विल फेस प्रॉब्लेम, काइंडली कॉन्टॅक्ट टू द सेक्रेटरी.'

पुढे वाचण्याआधी पेन्सिल घ्या. 'रिमेन'नंतर पाण्याची स्थिती सांगायची आहे, म्हणून 'क्लोज्ड'. 'पाइप्स' झाका, 'टँक' उरतो, आणि दुरुस्ती अजून चालू आहे, म्हणून 'हॅज बीन'. दोन दिवस हा कालावधी, म्हणून 'फॉर'. 'ऑलदो' असताना 'बट' नको. 'इफ'च्या भागात 'विल' नको, आणि 'मेंबर' एकवचनी म्हणून 'फेसेस'. 'प्रॉब्लेम' एकटा उभा आहे, त्याला 'अ' द्या. 'कॉन्टॅक्ट'पुढे 'टू' नको. मिळून सूचना अशी होते:

'ऑल मेंबर्स आर इन्फॉर्म्ड दॅट वॉटर सप्लाय विल रिमेन क्लोज्ड ऑन थर्सडे. द टँक, ॲलाँग विथ द पाइप्स, हॅज बीन अंडर रिपेअर फॉर टू डेज. ऑलदो द वर्क इज डिफिकल्ट, वी होप टू फिनिश इट बाय इव्हनिंग. इफ एनी मेंबर फेसेस अ प्रॉब्लेम, काइंडली कॉन्टॅक्ट द सेक्रेटरी.'