गणपतीची शाळा परदेशात: या चुका टाळा

श्रावण जवळ आला की पेण-हमरापूरपासून सावंतवाडीपर्यंतच्या गणपतीच्या शाळांत, म्हणजे मूर्ती घडवण्याच्या कारखान्यांत, मूर्तीची मागणी म्हणून घरोघरचे पाट येऊन पडतात. त्याच दिवसांत परदेशातल्या मराठी मंडळांची आणि शाळांची बोलावणीही येतात: या, आमच्या मुलांना मूर्ती शिकवा. मूर्तिकाराचा हात तयारच असतो. अडतं ते माती, हवा आणि कागदांपाशी.

पहिली चूक म्हणजे शाडू बॅगेत भरून नेणं. बहुतेक देशांत बाहेरची माती आणायला बंदी किंवा कडक अटी असतात, आणि तपासणीच्या टेबलावर शाडू आणि शेतातली माती यांतला फरक समजावत बसायला कुणाला वेळ नसतो. दुर्वा, आंब्याचे टहाळे, सुपारी, नारळ हेही घरीच ठेवा. न्यूझीलंडमध्ये असा जिन्नस जाहीर न करता सापडला तर जागच्या जागी 400 न्यूझीलंड डॉलरचा दंड होतो. चपला-बुटांचे तळही बघा. खाचांत अडकलेली आपली तांबडी माती ही तिथे मातीच. ब्रशने घासून, धुऊन, वाळवूनच बॅगेत टाका. कोरण्या आणि सुऱ्या चेक-इन बॅगेत, पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेत.

माती तिथेच घ्यायची, पण यजमानांना नुसतं ‘क्ले आणा’ सांगू नका. हवेत सुकणारी पाकीटबंद माती पुष्कळदा चिकटवणारी द्रव्यं किंवा धागे घातलेली असते. ती पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणजे विसर्जन फसलं. कुंभारकामाच्या दुकानातली साधी, गुळगुळीत माती मागा. ‘ग्रॉग’ घातलेली नको. त्यात भाजलेल्या मातीचा भरड चुरा असतो, सोंडेवरून बोट फिरवलं की खरखरतं आणि डोळ्यांची आखणी बिघडते. सहा इंची मूर्तीला साधारण सव्वा किलो लागते. वीसजणांचे 25 किलो, वर प्रात्यक्षिकाला आणि वाया जायला 5 किलो धरा. ब्रिटनमध्ये पिशवी बहुधा 12.5 किलोची असते, म्हणजे तीन पिशव्या. पोहोचल्याबरोबर लिंबाएवढा गोळा सुकवून पाण्यात टाका. फुगून, ढासळून तळाशी बसला तर माती चालेल. या चाचणीसाठी तरी कार्यशाळेच्या दोन-तीन दिवस आधी पोहोचायला हवं.

सर्वांत जास्त मूर्ती हवेपायी जातात. कोकणात श्रावणातल्या दमट हवेत माती सावकाश सुकते, त्यामुळे घाई आपल्या अंगवळणीच नसते. ऑगस्ट-सप्टेंबरात ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये हीटर चालू असतात, अमेरिकेत एसी. दोन्हींची हवा कोरडी. सोंड आणि हात पातळ, ते आधी सुकून आकसतात. पोट ओलंच राहतं. मग सोंड सांध्यातून सुटते. उपाय साधा आहे: सांध्याच्या दोन्ही बाजूंना खाचा पाडून मातीची रबडी लावा, पोट खालून कोरून पोकळ करा, आणि पहिले 24 तास मूर्तीवर पातळ प्लास्टिक सैलसर टाकून ठेवा. सुकताना माती साधारण 5 ते 7 टक्के आकसते. बैठक पाटाला चिकटली असेल तर तळाला भेग पडणारच. म्हणून खाली वर्तमानपत्राचा कागद घाला. नवखी मुलं चकाकी यावी म्हणून पाणी चोपडत सुटतात, त्यांच्या हाताशी वाटी देऊ नका, ओला स्पंज द्या. बारीक भेग पडलीच तर त्याच मातीची सुकी पूड व्हिनेगरमध्ये कालवून भरा.

आणखी एक सांगून ठेवा: मूर्ती भाजायची नाही. तिथले कलाशिक्षक मातीकाम झालं की सवयीने भट्टीत लावतात. भाजलेली मूर्ती विरघळत नाही, आणि भरीव, आतून ओलसर मूर्ती भट्टीत फुटते.

कागदांकडे वळू. मानधन घेणार असाल तर ‘फिरायला चाललोय’ असं सांगू नका. ब्रिटनमध्ये तिथल्या कलासंस्थेने बोलावलेल्या व्यावसायिक कलाकाराला व्हिजिटर व्हिसावर मानधन घेता येतं, पण काम आधी ठरलेलं हवं, व्हिसा अर्जात सांगितलेलं हवं आणि पोहोचल्यापासून 30 दिवसांत उरकायला हवं. इतर देशांचे नियम वेगळे, ते त्यांच्या सरकारी संकेतस्थळावरच बघा. निमंत्रणपत्र, तिकीट आणि पासपोर्ट यांवर नाव एकसारखं असू द्या. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकीकडे असतं, दुसरीकडे गळतं. निमंत्रणाची छापील प्रत हातात ठेवा, फोनची बॅटरी रांगेतच संपते.

घरून निघतानाही पावसाळा धरा. कोकण रेल्वेच्या गाड्या तेव्हा पावसाळी वेळापत्रकाने सावकाश धावतात, घाटात दरड आली तर अडकतात. मुंबईचं विमान असेल तर आदली रात्र मुंबईतच काढावी.

वर्ग संपल्यावर हात थेट सिंकमध्ये धुऊ देऊ नका. माती नळाखालच्या वळणात बसते आणि प्लंबरचं बिल यजमानांना येतं. दोन बादल्या ठेवा: पहिलीत हात खळबळायचे, दुसरीत निर्मळ करायचे. रात्रभरात गाळ खाली बसतो, वरचं पाणी ओतून टाकायचं, गाळ पुढच्या तुकडीच्या मातीत मळायचा. टेबलं ओल्या फडक्यानेच पुसा, झाडू नको; मातीची सुकी धूळ छातीत जाते.