रविवारी सकाळी काय लावावं?

लोकलचा मेगाब्लॉक असतोच, तेव्हा बाहेर पडायची घाई नको. चहाचं आधण ठेवलं की मोबाइलवर पाच मिनिटं नुसता तानपुरा लावा. खालच्या भाजीवाल्याची आरोळी नि वरच्या मजल्यावरचं ड्रिल जरा मागे सरतं. मग राग भैरव. त्यातले कोमल, म्हणजे जरा उतरलेले, रिषभ आणि धैवत (रे आणि ध) आंदोलित असतात, म्हणजे स्वर जागच्या जागी हळूच झुलतो. तो झोका कळेल इतकाच आवाज ठेवा. मोबाइल स्टीलच्या पातेल्यात ठेवायची युक्ती इथे नको. तानपुरा पत्र्यासारखा वाजतो. त्यापेक्षा लाकडी फळीवर छोटा स्पीकर बरा.

साडेनऊ-दहानंतर राग तोडी. भीमसेन जोशींचे अभंग टाळ-पखवाजाच्या ठेक्यावर चढत जातात, ते कांदेपोहे परतताना झकास. पण लोळायचंच असेल तर किशोरीताई आमोणकरांचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल लावा.

एक मात्र करा: सगळं शनिवारीच डाउनलोड करून ठेवा. गेल्या रविवारी आमच्याकडे ऐन आलापात बनियनची जाहिरात घुसली आणि आई देवघरातून ओरडली, "बंद कर ते!" शेवटी, मैफलीसारखीच, भैरवी. तोवर कुकरची तिसरी शिट्टी होते.